घरातला काळ नेमका कुठे अडकला आहे?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि त्यासोबतचा कथासारांश तीनदा. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तो थोडक्यात मांडते. सोळा वर्षांची सई आजोबांच्या निधनानंतर आईवडिलांबरोबर पुण्याहून रत्नागिरी जिल्ह्यातल्या मूळ घरी येते. तेराव्यापर्यंत सगळे भाऊबंद तिथेच मुक्कामाला आहेत आणि तेरावा उरकला की घराची वाटणी व्हायची आहे. एका रात्री माजघरात सईला तिच्याच वयाची गोदी भेटते. ती आजोबांची थोरली बहीण, १९४३ सालातली. मग सई तिच्या काळात जाऊ-येऊ लागते. तुमची १४० पाने लिहून झाली आहेत. तुमच्या भाचीने ती वाचून सांगितले, की निम्म्यानंतर गोंधळ होतो आणि भीतीही वाटत नाही. म्हणून तुम्ही विचारता, की काळ बदलण्यामागचे शास्त्रीय स्पष्टीकरण घालावे का, आणि भुतांची संख्या वाढवावी का.

दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर नाही असे आहे. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांचे संपादन मी गेली बावीस वर्षे करते आहे, आणि झपाटलेल्या घराची जी हस्तलिखिते मधेच अडून माझ्याकडे आली, त्यांतली बहुतेक स्पष्टीकरणाअभावी अडलेली नव्हती. घरातला काळ कोणत्या नियमाने वागतो, तो कोणामुळे अडकला आणि त्याचा आज घरात चाललेल्या गोष्टीशी काय संबंध, हे लेखकाने स्वतःशी ठरवलेले नव्हते. तुमच्या सारांशात पहिल्या भेटीत सई गोदीच्या घरी दोन तास काढते आणि परत येते तेव्हा इथे उजाडलेले असते. तिसऱ्या भेटीत ती तिथे दिवसभर राहते आणि इथे दुधाला उकळीही आलेली नसते. पाचव्या भेटीत तिला कोणी पाहू शकत नाही, सहाव्या भेटीत मात्र गोदीची आई तिच्या हातावर लाडू ठेवते. तुमची भाची गोंधळली ती कथा अवघड आहे म्हणून नव्हे. प्रत्येक वेळी हिशेब बदलतो आणि तो का बदलला हे कळायला कुठेही वाट नाही, म्हणून ती गोंधळली.

एक गोष्ट आधीच मान्य करते. नियम किती लवकर उघड करायचा, हे वाचकाच्या वयावर अवलंबून आहे. बारा वर्षांच्या वाचकाला तो पहिल्या तीस पानांत हवा असतो, कारण तो त्या नियमाशी खेळायला बसलेला असतो. सोळा-सतराचा वाचक जास्त धीर धरतो, पण त्याला मोठ्या माणसांच्या भांडणातला खरेपणा हवा असतो. तुमची नायिका सोळाची आहे, आणि मुले सहसा आपल्याहून थोडे मोठे पात्र पसंत करतात. त्यामुळे तुमचा वाचक तेरा ते सतरा वर्षांचा धरून मी पुढचे लिहिते आहे. कादंबरी याहून लहान मुलांसाठी असेल, तर वाटणीचा भाग तुम्हाला पुष्कळ हलका करावा लागेल.

स्पष्टीकरण आणि नियम यांतला फरक दाखवायला एक जुने इंग्रजी पुस्तक उपयोगी पडते. फिलिपा पिअर्स यांची ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’ ही कादंबरी १९५८ साली आली आणि तिला बालसाहित्यासाठीचे कार्नेगी पदक मिळाले. त्यातल्या घराच्या प्रवेशदालनातले उंच घड्याळ रात्री तेराचे ठोके देते, आणि टॉम मागचे दार उघडतो तेव्हा तिथे आता नसलेली बाग असते. तिथे तो कितीही वेळ राहिला तरी इथे जवळजवळ वेळ गेलेलाच नसतो. त्या बागेत त्याला भेटणारी मुलगी हॅटी मात्र दर भेटीत टॉमच्या हिशेबाने वाढत नाही. कधी ती लहान असते, कधी एकदम मोठी झालेली. एकदा त्याच्या डोळ्यांदेखत कोसळलेले झाड पुढच्या भेटीत पुन्हा उभे असते. हे सारे विस्कळीत वाटते, पण त्यामागे एकच कारण आहे आणि ते यंत्राचे किंवा शास्त्राचे नाही. वरच्या मजल्यावर राहणारी म्हातारी घरमालकीण हीच हॅटी आहे, आणि ती रोज रात्री स्वप्नात जशी आपल्या बालपणात जाते, तशी बाग टॉमला दिसते. घरातला काळ एका माणसाच्या आठवणीच्या क्रमाने चालतो. शेवटी हे कळल्यावर मागची प्रत्येक विसंगती जागच्या जागी बसते. तुम्ही हीच युक्ती वापरावी असे मी म्हणत नाही. ती त्या पुस्तकाची आहे. पण तुमच्याही घरात काळ कोणाच्या तरी क्रमाने चालला पाहिजे, आणि तो कोणाच्या, हे पहिल्या पानापासून तुम्हाला ठाऊक असले पाहिजे.

आता तुमच्या घराकडे येते. माजघरातले घड्याळ बाराला बंद पडलेले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. बंद घड्याळ अशा प्रत्येक हस्तलिखितात असते, म्हणून ते चालू ठेवा असे सुचवते. माझ्या आजोळी भिंतीवर लंबकाचे घड्याळ होते. तबकडीवर किल्लीची दोन भोके होती, एक चालण्याचे आणि दुसरे ठोक्यांचे, आणि दर रविवारी मामा कोनाड्यातली किल्ली घेऊन दोन्हीकडे सारखे वेढे देत. ते कायम मागे असायचे. मी एकदा पुढे करायला स्टूल घेतले, तेव्हा मामा म्हणाले, “राहू दे. ते आजोबांच्या वेळेवर आहे.” ते मागे पडलेले नव्हते, जुन्या मुंबई वेळेवर लावलेले होते, हे मला फार उशिरा कळले. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईत जुनी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत टिकून होती, आणि या दोन वेळांत ३९ मिनिटांचे अंतर होते. आपल्या माणसांनी एकाच शहरात, कधी कधी एकाच घरात, दोन काळ प्रत्यक्ष चालवलेले आहेत. मुंबईच्या चाकरमान्याने आणलेले, त्याच्याच वेळेवर लावलेले आणि त्याच्यानंतर कोणी न बदललेले घड्याळ तुमच्या घरी सहज असू शकते.

तुम्ही १९४३ निवडले आहे, त्यामुळे आणखी एक गोष्ट तुमच्या हाती आयती आली आहे. युद्धामुळे १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सरकारी घड्याळे एक तास पुढे होती. जुन्या मुंबई वेळेवर चालणारे घर तेव्हा बंदरावरच्या किंवा टपाल कचेरीतल्या घड्याळापेक्षा १ तास ३९ मिनिटे मागे असणार. आगबोट चुकायला, निरोप उशिरा पोचायला, कोणी वाट पाहून निघून जायला एवढा अवधी पुरेसा आहे. गोदीचे काय झाले, हे तुम्ही सारांशात शेवटपर्यंत मोघम ठेवले आहे. ते या तफावतीत शोधून पाहा. युद्धकाळात तुमच्या बंदरावर आगबोटींच्या फेऱ्या कशा होत्या, हे मात्र आधी तपासून घ्या, कारण गावातले जुने वाचक तेवढे बरोबर पकडतात.

यातून नियम कसा निघतो ते सांगते. समजा, सई प्रत्येक रात्री गोदीच्या काळात फक्त ३९ मिनिटे राहू शकते, आणि तेवढीच मिनिटे तिच्या आजच्या दिवसातून कायमची जातात. सुरुवातीला कोणाच्या लक्षातही येत नाही. आई फक्त विचारते, इतका वेळ न्हाणीघरात काय करत होतीस. पण तेरा रात्रींची ५०७ मिनिटे होतात, म्हणजे साडेआठ तासांना तीन मिनिटे कमी. तेराव्या दिवशी, जेव्हा तिचे घरात असणे सगळ्यांत गरजेचे आहे, तेव्हा तिचा जवळजवळ पूर्ण दिवस गेलेला असू शकतो. तुमच्या संहितेत ती दर सकाळी ताजीतवानी उठते, आणि जे फुकट मिळते त्याची वाचकाला काळजी वाटत नाही. भाचीला भीती वाटली नाही त्याचेही कारण हेच आहे. वाचकाला नियम ठाऊक असला आणि पात्र तो विसरले, की भिंतीवरचा काटा सरकताना वाचकाचा जीव वर-खाली होऊ लागतो. त्यासाठी विहिरीतून किंकाळी यावी लागत नाही.

हा नियम तुमच्या घराला मानवला नाही, तर पंचांग उघडा. जी तिथी कोणत्याही सूर्योदयाला नसते ती क्षयतिथी. पंचांगात ती असते आणि दिवसांत नसते. अधिक महिना तर कुमार कादंबरीसाठीच असावा असे मला नेहमी वाटते. २०२० मध्ये अधिक आश्विन होता, २०२३ मध्ये अधिक श्रावण आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. दार फक्त अधिक महिन्यात उघडत असेल, तर पहिल्या वेळी बारा वर्षांची असलेली मुलगी दुसऱ्या वेळी पंधराच्या आसपास असेल आणि तिसऱ्या वेळी अठराच्या उंबरठ्यावर. तिच्या तीन वयांची तीन निरनिराळी धैर्ये लिहिता येतील. तुमची कथा मात्र तेरा दिवसांत बांधलेली आहे आणि तो बांधा चांगला आहे. घर भरलेले, देवपूजा बंद, बाहेर जायला मज्जाव, आणि दिवस मोजले जात आहेत. तो मोडू नका.

भुतांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे माझे मत ठाम आहे. तुम्ही गोदीखेरीज परड्यात एक हडळ आणि पिंपळावर एक मुंजा आणला आहे. हडळ काढून टाका. बाळंतपणात गेलेल्या बाईला भयाची वस्तू करून टाकणारी ती समजूत आहे, आणि गोदीच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या कादंबरीत ती तुमच्याच म्हणण्याच्या विरोधात जाते. मुंजाचा मात्र नीट विचार करा. मुंज झाली पण सोडमुंजेआधीच गेला, तो मुलगा मुंजा होतो. ना तो लहान राहिला, ना मोठा झाला; दोन संस्कारांच्या मधे त्याचा काळ थांबला. समंधाचेही तसेच, त्याचा जीव मागे ठेवलेल्या धनात गुंतलेला असतो. चकव्यात माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे त्याच बांधावर असतो. भूत म्हणजे अडलेला काळ, हे आपल्याकडे लोकांनी आधीच सांगून ठेवलेले आहे. त्यामुळे तुम्हाला भूत एकीकडे आणि काळाची उलथापालथ दुसरीकडे असे दोन चमत्कार सांभाळावे लागत नाहीत. गोदी जिथे अडली तिथेच घराचा काळ अडला, एवढे एकच घडले आहे. सोळा वर्षांच्या वाचकाला मधेच अडकणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

गोदी आणि सई एकाच वयाच्या आहेत, पण एकाच टप्प्यावर नाहीत, हेही ध्यानात घ्या. शारदा कायद्याने तेव्हा मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा होते. १९४३ च्या कोकणात सोळा वर्षांची अविवाहित मुलगी म्हणजे घरातली रोजची चर्चा. सई तिला पहिल्याच भेटीत “तू काय करतेस?” असे विचारते तेव्हा गोदीला प्रश्नच कळणार नाही, आणि तिथे तुम्हाला एक सुंदर अवघडलेला प्रसंग मिळेल. तिने लिहिलेली चिठ्ठी दाखवणार असाल तर त्या काळचे अनुस्वार ठेवा. तेव्हा ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘कां’ असे लिहीत, कारण लेखनाचे नियम १९६२ साली बदलले. वडिलांच्या हिशेबाच्या वह्या मोडीत असतील तर आणखी बरे. स्वतःच्या घराचे कागद आपल्याला वाचता येत नाहीत, हे सईला कळण्याचा क्षण मला त्या घरातल्या कोणत्याही सावलीपेक्षा मोठा वाटतो.

भीतीचा एक प्रसंग तुमच्याजवळ असूनही तुम्ही वापरलेला नाही. माणूस गेला त्या जागी दिवा ठेवतात, त्याच्याजवळ पीठ पसरून वर टोपली झाकतात आणि नंतर कोणाचे पाऊल उमटले ते पाहतात. तुमच्या सारांशात हा विधी एका वाक्यात येऊन जातो. तो सावकाश लिहा. काकू टोपली उचलते, सगळी पुरुष मंडळी वाकून पाहतात, कोणी म्हणते पाखराचा पाय आहे, कोणी म्हणते गाईचे खूर. सई मागे उभी आहे आणि तिला दिसते ते टाचेचे गोल ठसे, मुलीच्या पायाचे, दिव्याकडे न जाता माजघराच्या उंबऱ्याकडे वळलेले. कोणी ओरडायचे नाही. काकू टोपली परत ठेवते, एवढेच.

घराचा नकाशा काढल्याशिवाय पुढचे पान लिहू नका. मी प्रत्येक लेखकाकडून तो काढून घेते. जुनी घरे एका दिवसात बांधलेली नसतात. माजघर आणि देवघर सगळ्यांत जुने, पडवी मागाहून भिंत घालून घेतलेली, न्हाणीघराला लागून केलेला संडास त्याहून अलीकडचा, आणि माडीवरची सिमेंटची खोली कोणी मुंबईहून पैसे पाठवले तेव्हाची. प्रत्येक भागावर साल लिहा. मग आणखी एक नियम आपोआप हाती येतो. १९४३ फक्त त्या भिंतींच्या आत असेल ज्या १९४३ मध्ये उभ्या होत्या. सईने पळत माडीवरच्या खोलीत पाय टाकला की ती आजच्या काळात आपटते, आणि गोदी जिन्याच्या खालच्या पायरीवर राहते. मुलांना असे नियम फार आवडतात, कारण ते पायांनी तपासता येतात. पायांनीच लिहा. सई अंधारात उठते, शहाबादी फरशीचा गारवा तिच्या ओळखीचा आहे, चार पावले जातात आणि पाचव्या पावलाला तळव्याखाली सारवलेली जमीन लागते, किंचित मऊ, किंचित ओलसर, शेणाच्या वासाची. साल सांगायची गरज उरत नाही. पिअर्स ज्या गिरणीच्या घरात लहानाच्या मोठ्या झाल्या त्याच घरावरून त्यांनी टॉमचे घर रचले होते. तुमचेही घर तुम्ही राहून पाहिलेले असेल तर त्याच्या उंबऱ्याची झीज तुम्हाला ठाऊक असेल.

आता सर्वांत महत्त्वाचे. तुमच्या सारांशात एक ओळ आहे: “आत्या तेराव्याच्या संध्याकाळी हक्कसोडपत्रावर सही करते.” तुम्ही ती लिहून पुढे गेलात, पण माझ्या मते तुमची कादंबरी त्या ओळीत आहे. गोदीचे नाव वंशावळीत नाही, तिची तिथी कोणाला ठाऊक नाही, आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे फक्त सर्वपित्री अमावास्या असते. आजोबा १९४३ मध्ये सात वर्षांचे होते. ते दरवर्षी सर्वपित्रीला एक पान जास्त वाढायला लावत आणि कोणासाठी ते सांगत नसत, असे आजीच्या तोंडी घाला. एका मुलीचे नाव त्या माजघरात पुसले गेले, आणि आज त्याच माजघरात दुसऱ्या मुलीला आपले नाव स्वतःच्या हाताने काढून टाकायला सांगत आहेत. घर झपाटलेले आहे ते यामुळे. जे तेव्हा घडले तेच पुन्हा घडू घातले आहे, आणि सगळ्या मोठ्या माणसांना ते रीतसर वाटते, म्हणून गोदी मोठ्यांना दिसत नाही, सईला दिसते. तीच का निवडली गेली, हा तुमच्या कथेतला अनुत्तरित प्रश्नही इथे सुटतो.

कायद्याचे तपशील बरोबर ठेवा. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात सुधारणा केली, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क मिळाला. आत्याची सही मागावी लागते ती तिचा हक्क आहे म्हणूनच. शिवाय हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावे लागते. माजघरात सही करून भागत नाही. त्यामुळे तेराव्याच्या रात्री आत्याकडून फक्त शब्द घेतला जाईल आणि सकाळी सगळे तालुक्याला निघतील. हा बदल तुमच्या फायद्याचा आहे, कारण मधली एक रात्र उरते.

त्या रात्री सईने गोदीला वाचवावे का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. माझा कल न वाचवण्याकडे आहे, पण तो कथेवर अवलंबून आहे. गोदी वाचली तर आजोबांचे पुढचे आयुष्य, ते जास्तीचे पान, हे घर आणि बहुधा सईही वेगळी होईल, आणि मग वाचकाने तेरा दिवस ज्या माणसांवर जीव लावला ती माणसेच उरणार नाहीत. भूतकाळातली घटना तशीच राहावी आणि तिच्याबद्दल घराला जे ठाऊक आहे ते बदलावे, हे मला अशा कादंबरीत अधिक न्यायाचे वाटते. उलट बाजूने लिहायचे असेल तर किंमत स्पष्ट ठेवा, आणि ती सईने जाणूनबुजून मोजू द्या.

पुढे कसे जावे ते सांगते. नवी पाने लिहिणे आठवडाभर थांबवा. नकाशा काढा, त्यावर साले घाला, आणि तेरा रात्रींचा तक्ता करा: सई किती वाजता गेली, किती वाजता आली, तिथे कोणती तारीख होती, तिला कोणी पाहिले. मग सगळ्यांत आधी शेवटच्या सकाळचा प्रसंग लिहून काढा. अंगणात गाडी उभी आहे, काका कागदांची पिशवी घेऊन पुढे बसले आहेत, आत्या ओटीवर चपला घालते आहे, आणि सई आतून येऊन तिला विचारते, “आत्या, गोदावरी कोण?” आत्या एक चप्पल पायात आणि एक हातात अशी थांबते. तिथून मागे या, आणि जुन्या १४० पानांतली कोणती पाने या क्षणापर्यंत पोचतात ते पाहा. माझ्या अंदाजाने साठ-सत्तर टिकतील. तक्ता तयार झाला की इथेच टाका, मी पाहीन.